जितके इंच, तितके फूट

दुकानाच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सहा इंचांची, म्हणजे रस्त्यापासून ओट्यापर्यंतचा चढ दीड फुटाचा. व्हीलचेअरवरच्या माणसाला आत येता यावं म्हणून इथे रॅम्प करायचा आहे. त्याची लांबी किती ठेवायची? अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरातला मिस्त्री जागा नजरेने मापेल आणि बहुधा चार-पाच फूट सांगेल. देशात मान्य असलेलं प्रमाण मात्र सांगतं, अठरा फूट. ‘एवढा लांब कायले पायजे?’ असं तो विचारणार, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालेला माणूस वऱ्हाडातून थेट अमेरिकेतल्या एका विद्यापीठात, जपानमधल्या एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर आणि शेवटी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचतो.

प्रमाण आहे एकास बारा. जेवढी उंची, तिच्या बारापट लांबी. फूट-इंचात ते आणखी सोपं होतं, कारण फुटात इंच बाराच. चढ जितके इंच, रॅम्प तितके फूट. एवढं लक्षात ठेवलं की कागद-पेन्सिलही लागत नाही. आणि लक्षात घ्या, ही सौम्यतेची खालची हद्द आहे. चढ मोठा असेल तर उतार याहूनही सौम्य हवा आणि मध्ये दम घ्यायला सपाट टप्पे हवेत.

पण बाराच का? दहा का नाही, सहा का नाही? माणूस आणि खुर्ची मिळून वजन ९० किलो धरू. सपाट जमिनीवर हे वजन जमीन पेलते, चालवणाऱ्याला फक्त चाकांचं घर्षण मोडायचं असतं. चढ लागला की वजनाचा एक हिस्सा खुर्चीला मागे ओढू लागतो. एकास बारा उतारावर हा हिस्सा साधारण साडेसात किलोचा. दोन्ही हातांनी चाकं फिरवणारा माणूस तो पेलू शकतो. रॅम्प निम्म्या लांबीचा केला, म्हणजे एकास सहा, की ओढ पंधरा किलोच्या घरात जाते. चार-पाच फुटांचा आखूड रॅम्प दीड फुटाच्या चढाला लावला तर ती तीस किलोच्या आसपास पोचते, आणि एवढ्यावर भागत नाही. बसलेल्या माणसाचा तोल मागे जातो, पुढची छोटी चाकं उचलली जाऊ लागतात आणि खुर्ची पाठीवर उलटण्याची भीती उभी राहते. कित्येक इमारतींच्या कडेला आपण पाहतो तो उभा, गुळगुळीत फरशीचा रॅम्प म्हणजे घसरगुंडी असते. ती बांधणाऱ्याने सिमेंट, वाळू, मजुरी सगळं खर्चलेलं असतं. एका आकड्याअभावी ते सगळं वाया गेलेलं असतं.

हा आकडा कुणी टेबलाशी बसून ठरवलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेले सैनिक आणि पोलिओतून वाचलेली मुलं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकायला आली, तेव्हा वर्गात शिरायचं कसं हाच त्यांचा पहिला पेपर होता. टिमोथी न्यूजंट नावाच्या माणसाने १९४८ पासून या विद्यार्थ्यांसाठी काम उभं केलं. कोणत्या चढावर कुणाचे हात थकतात, दार किती रुंद असलं की कोपर घासत नाही, हे प्रत्यक्ष खुर्चीत बसणाऱ्या मुलामुलींबरोबर तपासलं गेलं. त्या कामातून १९६१ साली अमेरिकेचं पहिलं सुगम्यता मानक निघालं. ते जेमतेम सहा पानांचं होतं. बारा फुटांत एक फूट चढ हा नियम त्यात होता. त्या विद्यार्थ्यांच्या दंडांतली ताकद आज नांदगावातल्या बांधकामाच्या नियमावलीत आकडा होऊन बसली आहे, ही गोष्ट मला थक्क करते.

एकदा ही नजर आली की मानकांतलं प्रत्येक माप बोलू लागतं. भारतात ही मापं केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक मानकांत आहेत. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाची ही मानकं तयार करण्यात आयआयटी रुरकीचा मोठा वाटा आहे. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि तो रॅम्प संपल्यावरही ३०० मिलिमीटर पुढे जायला हवा. संपल्यावर पुढे कशाला? दृष्टी नसलेल्या माणसाच्या हाताला कठडा आडवा झाल्याचं आधी कळतं, आणि पाय सपाटीवर पडायच्या आत तो सावध होतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी, कारण खुर्चीबरोबर चाकांवरचे हातही आत जायचे असतात. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत माणूस पडला तर त्याच्या अंगानेच दार अडतं, आत उघडणारं दार मग बाहेरून कुणाला ढकलता येत नाही. कुणावर तरी अशी वेळ आली असणार, म्हणून तर ही ओळ लिहिली गेली. नळाला आणि दाराला गोल मूठ नको, दांडी हवी. गोल मूठ पिळायला बोटं लागतात, दांडी कोपरानेही खाली होते.

बोटांचा विषय निघाला की अमरावतीकराला तपोवन आठवायलाच हवं. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी, म्हणजे सगळ्यांच्या दाजीसाहेबांनी, १९४६ साली अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभी केली. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, पण बधिर झालेली, आखडलेली बोटं पूर्ववत होत नाहीत. अशा हातांना गरम नळीचा चटका कळत नाही आणि गोल मूठ पकडता येत नाही. जुन्या, १९९५ च्या अपंग कायद्यातही कुष्ठरोगमुक्त व्यक्ती होत्या, पण त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातच होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. त्यांत सिकलसेल आहे, जो विदर्भातल्या कितीतरी घरांना ओळखीचा आहे. थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, स्वमग्नता आहे, पार्किन्सन आहे, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक आहेत. सिकलसेलच्या मुलीला रॅम्प लागत नाही. तिला रांगेत बसायला बाक लागतो, जवळ प्यायचं पाणी लागतं. बहिऱ्या माणसाला पुढचा टोकन नंबर पुकारलेला ऐकू येत नाही, तो दिसायला हवा. अंधाला दिसत नाही, त्याला तो ऐकू यायला हवा. म्हणजे एकच सूचना दोन वाटांनी पोचवावी लागते. सुगम्यतेचा विचार पायरीपासून सुरू होतो, पण तो पायरीपाशी थांबत नाही.

अंधांच्या पायांसाठी केलेली एक युक्ती तर आपण रोज तुडवतो. रेल्वेच्या फलाटावर, मेट्रोच्या स्थानकात, शहरांच्या पदपथावर त्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा असतात. ती शोभा नव्हे, ती लिपी आहे. लांबट पट्ट्या म्हणजे ‘असंच पुढे चला’ आणि गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये, दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी, स्वतःच्या पैशाने ही फरशी बनवली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातल्या अंधशाळेजवळ ती पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. पिवळा रंगही मुद्दाम आहे. अंधुक दिसणाऱ्यांना राखाडी रस्त्यावर तो चटकन उठून दिसतो. आपल्याकडे काही ठिकाणी या फरशा कशाही लावतात, ठिपक्यांच्या जागी पट्ट्या, किंवा वाट थेट विजेच्या खांबाशी संपणारी. लिपी येत नसलेल्याने पाटी रंगवावी तसं ते होतं, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं कपाळ फुटतं.

आता दार ओलांडून आत, कागदापाशी येऊ. नांदगाव खंडेश्वरच्या मुलखातल्या लोणी टाकळीत १८८१ साली संत गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरीही वेदान्तापासून संगीत, आयुर्वेद आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत त्यांनी केवढं वाचलं! १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवले होते. लोक त्यांना वाचून दाखवत, ते सांगत आणि लोक लिहून घेत. आज वऱ्हाडात ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटलं की त्यांचंच नाव समोर येतं. त्यांच्या प्रतिभेला नमस्कार करताना मला त्या वाचून दाखवणाऱ्यांचाही विचार येतो. त्या माणसांवाचून ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोचले नसते. आणि ज्या अंध मुलाला तसे वाचणारे मिळाले नाहीत, त्याची प्रज्ञा कुठे गेली असेल?

वाचणाऱ्या माणसाचं ते काम आज मोबाइल करतो. पडद्यावरची अक्षरं तो मराठीत वाचून दाखवतो, पण एका अटीवर. पानावर खरी अक्षरं हवीत. शासन निर्णयाचा कागद स्कॅन करून त्याचं चित्र चढवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण वाचणाऱ्या यंत्रापुढे ती कोरी पाटी असते. फोटोखाली दोन ओळींचं वर्णन हवं, अर्जातल्या प्रत्येक रकान्याला नाव हवं, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. इथेही आकडा आहेच! भारतीय मानक ब्युरोने यासाठी आयएस १७८०२ हे मानक काढलं आणि २०२३ मध्ये ते दिव्यांग कायद्याच्या नियमांत आलं. पुस्तकांच्या बाबतीत तर आपल्या देशाने जगाच्या पुढे पाऊल टाकलं. पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात आणण्यासाठी मूळ हक्कधारकाची परवानगी अडसर ठरू नये, यासाठी २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अनुमोदन देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये.

तरी दारं नव्याने बंद होतातच. बँकेचं खातं उघडताना मोबाइलचा कॅमेरा ‘डोळे मिचकावा’ म्हणतो, म्हणजे समोर जिवंत माणूस असल्याची खात्री पटते. ॲसिडने ज्यांच्या पापण्या जळून गेल्या, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि जिवंतपणा तपासण्याचे दुसरे मार्ग ठेवले पाहिजेत.

त्याच्या आधीचा एक निकाल आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की रस्ते, इमारती, वाहनं आम्हाला वापरता येतील अशी करा. २०१७ मध्ये न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. त्यांचं काय झालं ते पाहायला पुढे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राला अहवाल द्यायला सांगितलं. त्या सगळ्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. संसदेने केलेल्या २०१६ च्या कायद्याचं कलम ४० म्हणतं, केंद्र सरकारने सुगम्यतेची मानकं ठरवावीत. कलम ४४ म्हणतं, ती पाळल्याशिवाय इमारतीच्या बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कायदा सक्तीचा. पण त्याखाली केलेल्या २०१७ च्या नियमांत, नियम १५ मध्ये, ज्या दस्तऐवजांकडे बोट दाखवलं होतं ते होते मार्गदर्शक सूचना. ‘असं असावं’, ‘शक्यतो असं करावं’ या भाषेतल्या. अठरा फुटांचा रॅम्प हवा की असला तर बरा, याचं ठाम उत्तरच नव्हतं.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांनी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कोणत्याही परिस्थितीत पाळायलाच हव्यात अशा बाबी आणि टप्प्याटप्प्याने गाठायच्या बाबी वेगळ्या करा, पहिल्या सक्तीच्या करा, आणि हे तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. मराठी न्यायाधीशाने पदावरच्या अगदी शेवटच्या दिवसांत दिलेला हा निकाल शाळा-कॉलेजांत शिकवावा इतका स्वच्छ आहे. त्यातला एक भेद तर प्रत्येक संस्थाचालकाने भिंतीवर लावावा. सुगम्यता आधी करून ठेवायची असते, कुणी येवो न येवो, मागो न मागो. आणि वाजवी सोय ही त्यानंतरची, एखाद्या माणसाची गरज वेगळी निघाली तर त्याच्यापुरती करायची. ‘आमच्याकडे व्हीलचेअरवालं कुणी येतच नाही’ हे उत्तर कितीदा ऐकू येतं. पायऱ्या असल्यावर येणार कसे?

कायद्यातली ‘सार्वजनिक इमारत’ खासगी मालकीचीही असू शकते. शाळा, दवाखाना, दुकान, न्यायालय, पोलीस ठाणं, बसस्थानक, शिवाय धार्मिक स्थळही तिच्यात येतं. नांदगावला ‘खंडेश्वर’ हे नाव ज्याने दिलं ते यादवकालीन हेमाडपंती मंदिर घ्या. त्याच्या दगडाला हात लावणं पाप होईल. पण काढता-घालता येणारा रॅम्प मूळ दगडाला ओरखडाही न काढता ठेवता येतो, आणि देशातल्या पुष्कळ प्राचीन वास्तूंत तो ठेवलेला आहे.

दिव्यांगांसाठीच चालणाऱ्या संस्थांना कायदा आणखी एक पायरी वर चढायला लावतो. कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. कलम ५१ म्हणतं, राज्याने ठरवलेल्या सोयी आणि मानकं पुरी करण्याची क्षमता असल्याची खात्री पटल्यावरच प्रमाणपत्र द्यावं, आणि ते संस्थेत दर्शनी भागी लावावं. आपल्या मुलाला वसतिगृहात ठेवणाऱ्या आईबापांनी दारातून आत गेल्यावर आधी तो कागद शोधावा. मागायला संकोच करू नये, तो तुमच्यासाठीच लावलेला असतो.

आणि तरीही संस्थेचा कस कुठल्याच मानकात पूर्ण मावत नाही, हे दाखवणारं ठिकाण याच जिल्ह्यात आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्टेशनांवर, रस्त्यांवर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना घर दिलं, शंभरावर मुलांना बाप म्हणून स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराहून मोठा त्यांचा झगडा आहे. बालगृहाचा नियम म्हणतो, अठरा वर्षं झाली की बाहेर. गतिमंद, बेवारस मुलगी अठराव्या वाढदिवशी कुठे जाणार? अशा मुलांना आजन्म घर देणारा कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. त्याच घरातली, जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली एक अंध मुलगी ब्रेलवर शिकत शिकत २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या जिद्दीच्या बातम्या सगळ्यांनी छापल्या. ब्रेलची पुस्तकं, ध्वनिरूपातला अभ्यास, परीक्षेतला लेखनिक, वाढीव वेळ यांतला एक दुवा निखळला असता तर तेवढ्याच जिद्दीची मुलगी घरी बसली असती, ते मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, कमी प्रकारांच्या यादीनुसार. कायद्याच्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती. ती मोजायची नियम निघाल्यापासून, आणि ते निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्येच उलटून गेली. सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत की खासगी, दोनच वर्षं होती. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला किमान पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या गावातल्या पंचायत समितीत, दवाखान्यात, शाळेत अडचण दिसली तर आधी ती ज्यांना सोसावी लागते त्या दिव्यांग माणसाला सोबत घ्या, त्याला विचारा, आणि जे दिसेल ते तारीख घालून कार्यालयप्रमुखांना लेखी द्या. उत्तर आलं नाही तर तोच अर्ज दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे पाठवा. तक्रारींची चौकशी करणं हे कायद्यानेच त्यांचं काम ठरवलेलं आहे, आणि त्यासाठी साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकारही त्यांना दिलेले आहेत.